चालू वस्तू काढायची नाय

चालू वस्तूच्या प्रेमापायी चालता संसार बंद पाडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की तो माझ्या सख्ख्या बहिणीच्या पदरी पडला. आमचे भावोजी मूळचे पाम गावचे, तारापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. तिथे म्हणे शिस्तच आहे: मशीन चालू असेल तर तिच्या वाटेला जायचं नाही, बंद पडली की बोलावणं येतंच. ही शिस्त त्यांनी संध्याकाळी गेटवर ठेवून यायला हवी होती. ते ती जेवणाच्या डब्याबरोबर रोज घरी घेऊन आले. "चालू वस्तू काढायची नाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. उद्या मला खांद्यावर घ्यायची वेळ आली तर हा गृहस्थ आधी नाडी चाचपून "थांबा रे, अजून चालू असंल," म्हणून चार माणसांचा खोळंबा करील, याबद्दल मला शंका नाही.

त्यांच्या स्कूटरचा सांगाडा सोडला तर बाकी सगळं तीन-चारदा बदललेलं आहे. नवी घ्या म्हटलं की म्हणतात, "हिला काय झालंय?" तिला काय झालंय हे मागे बसणाऱ्याच्या कमरेला विचारावं. दाढ किडली तेव्हा डॉक्टर काढू म्हणाले, तर यांनी खुर्चीत आडवं पडल्या पडल्या त्यांच्याशी वाद घातला. "चावता येतं ना? मग राहू दे." सहा महिने उजव्या गालावर हात ठेवून हिंडले, पण दाढ ठेवली. चपलेचं म्हणाल तर तिचे अंगठे बदलता बदलता एक दिवस तळवाच उरला नाही. तेव्हा कुठे त्यांनी ती बंद पडल्याचं मान्य केलं.

या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचा गेम खेळायचा कॉम्प्युटर. पन्नाशीतल्या माणसाला हा नाद कसा लागला, हे विचारणं ताईने फार आधी सोडलं होतं. बरं, खेळ तरी कुठला? मारामारीचा नाही, शर्यतीचा नाही. परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यांवरून ट्रक हाकायचा. दिवसभर कारखान्यात घाम गाळून आलेला माणूस बनियनवर बसून नसलेला माल नसलेल्या गावाला पोचवायचा, तोही वेगमर्यादा पाळून. रिकाम्या चौकात लाल दिवा लागला तर थांबायचे. मी एकदा म्हटलं, "भावोजी, इथे कोण बघतंय?" तर म्हणाले, "मागं माल हाय ना."

पुढे त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि ट्रक आमच्या गल्लीतल्या रिक्षेसारखा गचके खाऊ लागला. बोईसरच्या दुकानदाराने कॉम्प्युटर उघडून बघितला आणि सरळ सांगितलं, "अंकल, पूरा प्लॅटफॉर्म बदल डालो. कब तक पुराने में नया डालते रहोगे?" म्हणजे असं, की प्रोसेसर हा मेंदू आणि मदरबोर्ड ही तो बसतो ती पाटी. नव्या जातीचा मेंदू जुन्या पाटीवर बसतच नाही, त्याला पाटीही नवी लागते आणि मेमरीही. भावोजींनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्याच जुन्या पाटीवर बसणारा जरा तगडा मेंदू शोधून आणला. दोनेक वर्षांनी पुन्हा गचके, पुन्हा दुकान, पुन्हा तेच. पानाला चुना लावावा तशी त्या प्रोसेसरला पेस्ट लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. मी नीट बघितलंय.

हसू नका. हाच हिशेब त्यांनी माझ्या बहिणीच्या घराला लावला. बोईसरची ती चाळीतली दोन खोल्यांची जागा. ताईची शाळा पालघरला. रोजची ये-जा, गुडघे दुखायला लागलेले. ती म्हणाली पालघरला घर घेऊ. यांनी खिडक्या बदलल्या. ती पुन्हा म्हणाली. यांनी स्वयंपाकाचा ओटा नवा केला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा छताला नवा पंखा लागला. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, या खेपेला माणूस ऐकणार. मी तिचा भाऊ, मला ते बघवत नसे. शेवटी तिने आपल्या पगारावर पालघरला छोटा फ्लॅट घेतला आणि माझ्यादेखत विचारलं, "अहो, तुम्ही कधी येणार ते सांगा."

भावोजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हा बोर्ड गेला की सगळंच बदलू. मशीन पण, घर पण. शब्द देतो."

"बोर्ड जायची वाट बघायला मला सवड नाही," ताई म्हणाली. ती पुढच्या महिन्यात एकटीच गेली. यांनी तिचं कपाट टेम्पोत चढवून दिलं, बिजागरीत तेलही घातलं, आणि घरी येऊन ट्रक सुरू केला. त्या दिवसापासून मी त्या बोर्डाला शाप देत आलोय. पण मेला कसला टणक! दोन पावसाळे गेले, दमट हवेने माझा टीव्ही गेला, तो मात्र ढिम्म.

आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, आणि वीजवालेही लाइनच्या कामाला तोच दिवस धरतात. गेल्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी भावोजींचाच मला निरोप आला: उद्या दहा ते चार लाईट नाय, टाकी आधी भरून घे. आणि शुक्रवारी सकाळी फोन, "ये जरा, नवा प्रोसेसर टाकतोय." मी गेलो. नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बोर्डाच्या आतला प्रोग्राम आधी बदलावा लागतो, आणि तो बदलत असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा मरतो. हे मला त्यांनीच पूर्वी शिकवलेलं. घड्याळात दहाला पाच कमी होते.

"भावोजी, लाईट जाणार आहे."

"म्हाईत हाय," म्हणाले आणि बटण दाबलं.

दहाला पंखा थांबला, पडदा काळा झाला. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला. मग पलंगाखालून खोकी ओढली: नवा बोर्ड, नवी मेमरी, नवा प्रोसेसर, सगळं आधीच आणून ठेवलेलं. मी बघतच राहिलो. ते म्हणाले, "चालू होता रे. चालू असताना कसा काढू?"

इतकी वर्षं मी या माणसाला दगड समजत होतो. त्या क्षणी मला त्यांना मारावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. कॉम्प्युटरचा डबा आणि पडदा त्याच स्कूटरच्या पुढ्यात बांधला, खोकी मांडीवर घेऊन मी मागे बसलो आणि आम्ही पालघरला गेलो.

ताईने दार उघडलं, खोकी बघितली, बाजूला सरकली. यांनी तिच्या हॉलमध्ये बसून दुपारपर्यंत मशीन जुळवली. सुरू झाली तेव्हा म्हणाले, "बोर्ड गेला. कपडे पुढच्या आठवड्यात आणतो."

ताईने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अहो, माझं इथे आता नीट बसलंय. उठते, माझ्यापुरतं करते, शाळेत जाते, आल्यावर कुणाची वाट बघावी लागत नाही. चालू वस्तू काढायची नाही, तुम्हीच सांगता ना?"

भावोजींनी चहा संपवला. "बरोबर हाय," म्हणाले. जाता जाता तिच्या गळक्या नळाचा वायसर तेवढा बदलला.

मशीन तिथेच राहिली. आता ते दर शुक्रवारी पालघरला जातात. बोईसरला लाईट नसते, इथे बसून काय करू, म्हणतात. चारपर्यंत ट्रक चालवतात, ताई तिथेच वह्या तपासत बसते, चहा देते. चारला ते उठतात, कारण तोवर बोईसरला लाईट आलेली असते.

परवाच्या शुक्रवारी लाइनचं काम नव्हतं. दहा वाजून गेले तरी माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. भावोजी मागच्याच गल्लीत राहतात, लाइन तीच. त्यांचा फोन आला. "लाईट गेली ना रे?" त्यांच्या मागे त्यांचा पंखा घरघरताना मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "गेली, भावोजी. जाऊन या तुम्ही."