भावी कैलासवासी

शकूताई कोणालाही भेटल्या की आधी मान तिरकी करून त्याचा चेहरा मापायच्या. माझ्याशी त्यांचं पहिलं वाक्य असं: "सर, तुमची डावी बाजू बरी हाय. फ्लेक्सला तीच घेऊ." तेव्हा माझा वाढदिवस नव्हता आणि मी मेलोही नव्हतो. त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात मजकूर लिहिण्याचं काम मिळेल का, एवढंच विचारायला मी धायरीला गेलो होतो.

शकूताईंचे वडील पाट्या रंगवायचे, त्यांच्याकडून अक्षर आलं. संगणक त्या स्वतः शिकल्या. जाहिरात मात्र रक्तातच होती. सगळ्या सिंहगड रोडचे वाढदिवस त्यांना पाठ. आठवडाभर आधी फोन जायचा, "अण्णा, येत्या गुरुवारी तुम्ही जन्मला होता. विसरला का काय?" एका पुढाऱ्याच्या दातांना त्यांनी अशी चकाकी दिली, की चौकातले स्कूटरवाले संध्याकाळीसुद्धा गॉगल लावून जायचे. खोटं वाटत असेल तर धायरीत विचारा. तिथले लोक माझ्यापेक्षा जास्त खोटं बोलतात.

"अक्षर दिसलं पाहिजे, माणूस थांबला पाहिजे, अन् काम बटणावर झालं पाहिजे," हे त्यांचं सगळं व्यवसायशास्त्र. त्या बटणासाठी त्यांनी पंधरा वर्षांचे फ्लेक्स संगणकाला शिकवले. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे, सगळे. नाव टाकलं की फ्लेक्स तयार! जिल्ह्यातल्या प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे आपलं हे यंत्र असावं, हा त्यांचा ध्यास होता, आणि खराडीतली एक कंपनी भांडवल घालायला तयारही झाली होती.

पहिल्या चाचणीला मी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं, धोंडिबाअण्णांचं नाव टाकलं. आपल्याकडे भावी नगरसेवक, भावी आमदार असं लिहायची रीत. यंत्राने ती फारच मनावर घेतली होती. पडद्यावर आलं, 'भावी कै. धोंडिबाअण्णा यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "ताई, व्याकरण अचूक आहे. भावी कैलासवासी आपण सगळेच."

मंगळवारी अण्णा गेले.

पुढे शेकडो नावांना यंत्राने श्री., सौ. बिनचूक लावलं. 'भावी कै.' आणखी दोनदाच आलं. एकदा मुख्याध्यापिकाबाईंना आणि एकदा रोज सिंहगड चढणाऱ्या एका वकिलाला, ज्याच्या छातीवर नारळ फोडावा. दोघंही आठवड्याच्या आत गेले. शकूताई दोन दिवस दार लावून चूक शोधत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा आवाज बसला होता. "सर, त्याला वय ठाऊक नाय, आजार ठाऊक नाय. नुसतं नाव. मग ते बघतंय कशाकडं?"

मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. फक्त सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईंना. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ दुकानात आले.

"आमच्या काकांचं नाव टाकून बघता का?"

"वाढदिवस हाय का?"

"वाढदिवस नाय हो. जमिनीच्या वाटणीचं थांबावं का घाई करावी, तेवढं कळलं असतं."

काका बाहेर गाडीत केळं खात बसले होते. शकूताईंनी गृहस्थांना हात जोडून वाटेला लावलं, पण काकांच्या चेहऱ्याकडे काही त्यांना बघवेना.

खराडीच्या काचेच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा बातमी आमच्या आधीच पोचली होती. कंपनीचा तरुण साहेब खुशीत होता. "मॅम, फ्लेक्स विसरा. ते दुसरं फीचर आहे ना, तेच आपलं प्रॉडक्ट! इन्शुरन्सवाले लाइन लावतील."

"म्हणजे नाव टाकायचं अन् वाट बघायची?"

"एक्झॅक्टली!"

"तुमचं नाव काय म्हणालात?" शकूताईंनी बोटं लॅपटॉपच्या कळांवर ठेवली.

साहेबाने झटकन हात पडद्यावर धरला. "नको, मॅम."

"का? डेमोच तर हाय."

"प्लीज."

त्यांनी लॅपटॉप मिटला. "विकणाऱ्यालाच जे बघवत नाय, ते मी बाजारात मांडणार नाय."

परत आल्यावर त्यांनी सगळं पुसायला घेतलं, पंधरा वर्षांच्या फ्लेक्ससकट. "ते ठेवलं तर कुणीतरी परत शिकवंल." शेवटी पुसण्याआधी खात्री म्हणून यंत्राने मालकाचं नाव विचारलं. त्यांनी ते टाकलं आणि पडदा माझ्याकडून फिरवून स्वतःकडे घेतला. बराच वेळ वाचत राहिल्या. नाव काही एवढं लांब नव्हतं.

"काय आलं, ताई?"

"अक्षर बरं बसलंय," म्हणाल्या आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून त्या हडपसरला भावाकडे गेल्या. सहाव्या दिवशी भावाचा फोन आला. दुपारी जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. त्याच्याजवळ निरोप ठेवला होता, "सरांना सांग, माझा फ्लेक्स लावायचा नाय."

मी लावला नाही. अजूनही चौकात कोणीतरी थांबवून विचारतं, "काय सर, शकूताई दिसत नाहीत हल्ली?" मी सांगतो, "हडपसरला असतात, भावाकडे." लोक मान डोलावतात आणि पुढे जातात. माझ्या सगळ्या थापांमध्ये ही एकच आजवर कोणाला खोटी वाटलेली नाही. ज्याचा फ्लेक्स लागला नाही तो माणूस गेला, हे धायरीत कोण मानणार?