पट्टा बांधण्याआधीच्या गप्पा

सिस्टरांच्या घरी दूध उतू जाण्याच्या बेतात होतं, नातवाचा एक मोजा सापडत नव्हता आणि नवरा अर्ध्या गालाला साबण फासून "माझा चष्मा कुणी पाहिला का?" असं घरभर विचारत फिरत होता. तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, धडधडलं.

"तुझी शिडी आली असणार," नवरा म्हणाला. "एवढ्या उंचावरून दुसरं कोण दार ठोठावतंय!"

शिडी म्हणजे परदेशातून आलेली डॉक्टरकीची विद्यार्थिनी. तिची उंची बघून वस्तीनं पहिल्याच दिवशी बारसं उरकून टाकलं होतं. टेकडीवरच्या आरोग्य केंद्रात दरवर्षी अशी दोन-तीन मुलं सहा आठवडे शिकायला येतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा. बाकी कारभार आणि शिकवणं, दोन्ही गेली अकरा वर्षं सिस्टरांकडे.

यंदा मात्र माशी शिंकली होती. "एक नर्स काय शिकवणार? ती तर पेशंटशी गप्पाच मारत बसते," अशी तक्रार मेडिकल कॉलेजात गेली होती. मुलांना इथून उचलून मोठ्या हॉस्पिटलात टाकायचं का, हे ठरवायला आजच दहा वाजता तिघांची समिती येणार होती.

शिडी आत आली ती वही छातीशी कवटाळून. घाबरली की तिची मेहनतीनं शिकलेली भाषा पार विस्कटायची.

"सिस्टर, खूप वाईट! नव्वद माणसं तपासली. चौसष्टला ब्लडप्रेशर जास्त! सगळी वस्ती आजारी!"

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. लसीकरणासाठी पंधरा दिवस त्या खालच्या वस्तीत काय गेल्या, मागे हे! समितीपुढे ही वही उघडली की अकरा वर्षं बाई झोपा काढत होती असंच म्हणतील.

"आधी बस. पाणी पी. आता सांग, तपासलंस कसं? माणूस दारात आला, तिथपासून."

"आला, खुर्ची, पट्टा, आकडा, पुढचा! तुमच्यासारख्या गप्पा नाही. रांग पटपट संपली." घाबरलेल्या आवाजातही जरासा तोरा होताच.

सिस्टर अशा हसल्या की डबे भरणारी सून बाहेर आली.

"अगं माझे बाई, एकशे बारा पायऱ्या चढून आलेला माणूस तो! त्याला दम तरी खाऊ दे! मी काय हौसेनं विचारते, गुडघा कसाय, सून कधी येणार? दहा मिनिटं बसवायचं असतं. नुसतं 'बसा' म्हटलं तर कोण बसतंय? प्रत्येकाला कामाची घाई. गप्पांत मात्र बसतात. हे तुला सांगायचं राहिलं, चूक माझीसुद्धा आहे."

शिडी पांढरीफटक पडली. "वही फाडू?"

"फाडतेस कसली! चल, दहाला अजून तीन तास आहेत."

तीन तासांत दोघींनी घरोघर जाऊन त्या चौसष्टांतल्या अठरा जणांना पुन्हा तपासलं.

दहाला समिती वर पोचली. अध्यक्ष प्राध्यापक अंगानं भारदस्त, शेवटच्या पायरीला नाकी नऊ आलेले. सिस्टरांनी नमस्कारसुद्धा खुर्चीकडे बोट दाखवूनच केला. "बसा सर. शिडी, बांध पट्टा."

"एकशे अडुसष्ट," शिडीनं कापऱ्या आवाजात वाचलं.

"मला? शक्यच नाही! मशीन बिघडलंय तुमचं."

"मशीन चांगलं आहे. बरं सर, मुलं काय करतात तुमची?"

अध्यक्ष आधी गुरगुरले. मग थोरल्याची नोकरी निघाली, धाकटीची बासरी निघाली, आणि बापाला सूर कळत नाही म्हणून ती दार लावून वाजवते, हेही निघालं. दहा मिनिटं कधी सरली ते त्यांनाच कळलं नाही.

"आता तोंड बंद. बांध पुन्हा."

"एकशे अठ्ठावीस!"

शिडी वही उघडून ताठ उभी राहिली. "चूक माझी. मी गप्पा बंद केल्या. सकाळी अठरा माणसं परत तपासली. खरं जास्त फक्त चार. बाकीची पण घरी जाऊन तपासणार."

समितीतल्या डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "सर, हे आपण पहिल्या वर्षालाच शिकवतो."

"शिकवतो, आणि पाचव्या वर्षापर्यंत विसरतो," अध्यक्ष म्हणाले. "बसवा, असं पुस्तकात लिहिलंय. बसवायचं कसं, ते इथे येऊन शिकायचं." आणि समोरच्या कागदावर शिक्षकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं सिस्टरांचं नाव घातलं. मुलं इथेच येणार, यंदाही आणि पुढेही.

दारातली रांग कान टवकारूनच होती. "आमची सिस्टर जिंकली गं!" एक म्हातारी ओरडली, आणि पायऱ्यांवर खालपर्यंत टाळ्या उतरत गेल्या. सिस्टरांनी उगाचच कपाट आवरायला घेतलं.

"मागा काय हवं ते," अध्यक्ष म्हणाले. "आज नाही म्हणणार नाही."

सिस्टर वळल्या.

"पायऱ्या संपतात तिथे एक बाक द्या, सर. पाठ टेकता येईल असा."