पोटावरची पिशवी

खाल्लेल्या अन्नाचं पुढे काय होतं ते देवाने झाकून ठेवलंय, ते बरंच केलंय. माझं मात्र झाकण उडालं. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून माझं सडलेलं मोठं आतडं काढून टाकलं आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलं. त्यावर पिशवी. अन्नातलं सत्त्व लहान आतडंच शोषून घेतं, त्यामुळे अंगाला लागायचं ते लागतं. उरलेलं पाणी शोषायचं काम मोठ्याचं होतं. ते गेल्यापासून पिशवीत सगळं पातळच येतं आणि मी मीठ-साखरेचं पाणी पीत बसते. बीट खाल्लं की पिशवी लाल, आणि मक्याचे दाणे तर जसेच्या तसे हजर.

याची मला लाज वाटते. डॉक्टर म्हणतात, लाज कसली? त्यांना म्हणायला काय जातं!

मुलीचा साखरपुडा करंजाड्यातल्या हॉलवर ठरला, तेव्हा मी घरात सगळ्यांना बजावलं, मुलाकडच्यांना हे कळता कामा नये. 'हे दुखणं घराण्यात आहे का?' एवढं कुणी विचारलं असतं तरी सोयरीक मोडायला पुरलं असतं. पिशवीत वारा सुटून आवाज होऊ नये म्हणून सकाळपासून मी पोटात काही टाकलंच नाही. केवढं शहाणपण! आतडं रिकामं राहिलं की वारा जास्त धरतो, हे नर्सने बजावून सांगितलेलं मी साफ विसरले.

पंगत बसली. मुलगी होणाऱ्या जावयाला घास भरवत नाव घ्यायला लागली, सगळे गप्प झाले, आणि माझ्या पदराआडून असा लांबलचक आवाज निघाला की ती मधेच अडकली. पोरं फिदीफिदी हसली. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

माझ्या शेजारी सासूबाई होत्या, सगळा जन्म उरणकडच्या गावात काढलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माजा पोट हाय," त्या सरळ म्हणाल्या. "म्हातारपनी कुनाचा आयकत नाय."

मोठा हशा पिकला. मी मान खाली घातली, आणि खरं सांगते, माझ्या जिवात जीव आला.

मग जिलेबी आली. सासूबाईंनी पान पुढे सरकवलं, तर विहीणबाईंनी काळजीपोटी वाढप्याला थांबवलं. "आजींना नको हो, ताकभात वाढा." आणि सासूबाईंच्या वाटणीचीही जिलेबी आग्रहाने माझ्या पानात वाढली.

सासूबाई निमूटपणे ताकभात कालवत राहिल्या. मी जिलेबी खाल्ली. भूक इतकी लागली होती की ती गोडही लागली.