‘चल, परत’ म्हणणारा आवाज

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. त्या दिवशी एका साध्या मराठी शब्दाचा अर्थ आम्ही उलटा लावून बसलो असतो, तर एका पोराचं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं असतं.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात प्रभारी पोलीस निरीक्षक होतो. बाजाराचा दिवस होता. पाकीट मारलं, मोबाईल गेला, गाडी लावण्यावरून भांडण झालं, बाजाराच्या दिवशी ठाण्यात असलंच येत असतं. सकाळीच वडीगोद्रीकडचे एक गृहस्थ आले. हायवेला खत-बियाण्याचं दुकान, घरची शेती. मुलगी आदल्या दिवशी मैत्रिणीकडं जाते म्हणून निघाली, ती तिथं पोचलीच नाही आणि फोन बंद. मुलगी सज्ञान होती, कॉलेज संपवलेली. ठाणे अंमलदाराला मी मिसिंगची तक्रार दाखल करायला लावली आणि सायबर शाखेकडं लोकेशन मागवलं. फोन बंद झाला होता तो संभाजीनगरच्या रस्त्यावर. त्यापुढं काही कळेना.

मग त्या गृहस्थांनी मुलीचा घरी राहिलेला जुना मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

“साहेब, हे ऐका. माझ्यानं आता ऐकवत न्हाई.”

त्यात एक रेकॉर्डिंग होतं. मुलगी हमसून हमसून रडत होती. “मला सोडा! जीव घेतला तरी मी न्हाई येणार!” मग एका पुरुषाचा दबका आवाज, “चल, परत.” पुन्हा मुलीचा टाहो. पुन्हा तोच आवाज, “परत.”

“धमकावून राह्यलाय तिला,” वडील म्हणाले. “परत चल म्हणून ओढून राह्यलाय. माझी पोरगी आणून द्या साहेब, दुसरं काही नको मला.” उपरण्यात तोंड लपवून तो धट्टाकट्टा माणूस रडायला लागला.

दुपारी बातमी मिळाली. एसटी स्टँडसमोरचा रसवंतीवाला आमचा जुना बातमीदार. त्यानं सांगितलं की मुलगी काल सकाळी संभाजीनगरच्या गाडीत बसली आणि तिची बॅग वर चढवून दिली ती गावातल्या एका टेलरच्या मुलानं. हा मुलगा तिच्याच कॉलेजात होता. तो नाटकं लिहायचा, ती त्यात काम करायची. रेकॉर्डिंगमधला आवाज त्याचाच आहे, हे तिच्या भावांनी ओळखलं. मी त्याला चौकशीसाठी आणवला.

आमच्या जीपच्या आधी बातमी गावभर पोचली होती. थोड्याच वेळात गेटवर गर्दी जमली. मुलीचं घर शेतकऱ्याचं, मुलाच्या घरात उर्दू बोलतात. गर्दी काय विचार करत होती हे मी वेगळं सांगायला नको. ‘अपहरणाचं कलम लावा, आत टाका’ असा आरडाओरडा सुरू झाला. मीही गुन्हा दाखल करण्याच्या बेतात होतो. समोर तक्रारदार बाप होता, आवाजाची ओळख पटलेली होती आणि स्टँडवरचा साक्षीदार होता. कागदावर प्रकरण एकदम पक्कं होतं.

माझा नोकरीतला अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगतो. हा पोरगा मात्र मोजकंच बोलत होता.

“आवाज तुझाच ना रे?”

“माझाच, साहेब. पन ती तालीम हाय.”

“तालमीत माणूस असं रडतं व्हय?” आमचे हवालदार टेबलावर हात आपटून म्हणाले.

“ती रडती,” पोरगा म्हणाला.

“पोरगी कुठंय?”

“मुंबईला गेली, ऑडिशनला. कुठं ते उद्या सांगतो. आज न्हाई.”

“का?”

“घरचे जाऊन ओढून आनतील तिला. जबान दिलीय मी.”

“आणि मी तुला आत टाकलं तर?”

“मंग टाका साहेब. पन तिचं काम खराब करू नका.”

आता याला धीट म्हणावं की येडा म्हणावं? बाहेर त्याच्या नावानं शंख चालला होता आणि याला चिंता ऑडिशनची. मी त्याला बाजूला बसवला, दार लावून घेतलं आणि कानात इअरफोन घालून रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

पहिल्या खेपेला मुलगी म्हणते, “मी न्हाई येणार.” आवाज येतो, “चल, परत.” मग ती तेच वाक्य, तोच हुंदका देऊन, “मी नाही येणार” असं म्हणते. पुढं पुन्हा रडण्याच्या भरात तिच्या तोंडून ‘न्हाई’ निसटतं आणि लगेच, “परत.”

मी इअरफोन काढून ठेवला. ज्याच्या जिवावर बेतलंय तो माणूस बोली सुधारत बसत नाही!

हे मला कळलं कारण मी स्वतः याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा. नाशिकला ट्रेनिंगला गेल्तो, तेव्हा पहिल्याच परेडला मी “न्हाई सर” म्हणालो आणि सगळी तुकडी खो खो हसली. त्यानंतर मी न्हाणीघरात नळ सोडून ‘नाही, नाही’ घोकलेलं आहे. ही कसरत काय असते ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी पोराजवळ जाऊन बसलो. “तिला ‘नाही’ शिकवून राह्यला होता का रे?”

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू एकदम बाहेर पडलं. “हौ साहेब! दोनदा ऑडिशनातून वापस पाठवलं तिला. काम चांगलं हाय, बोली गावठी हाय म्हनले. म्हनून सीन लिहून दिला. तोंडातून ‘न्हाई’ निघालं की मी म्हनायचो, परत.”

परत, म्हणजे पुन्हा घे. बापानं ऐकलं होतं, माघारी चल!

मग मात्र त्यानं आमच्या महिला अंमलदाराला तिच्या मुंबईतल्या मैत्रिणीचा नंबर दिला. व्हिडिओ कॉल लागला. मुलगी मैत्रिणीबरोबर कुठल्याशा स्टुडिओबाहेर रांगेत उभी होती, स्वतःचा फोन तिनं घरच्यांच्या भीतीनं वाटेतच बंद केला होता. समोर वर्दी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. स्वखुशीनं आले, असं तिनं सांगितलं आणि पुढचाच प्रश्न केला, “त्याला मारलं तर न्हाई ना, साहेब?” मी म्हणालो, “न्हाई मारलं. तू काम कर, मग येऊन जबाब दे.”

वडिलांना मी आत घेतलं, चहा दिला आणि काय ऐकायचं ते समजावून रेकॉर्डिंग लावलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“म्हणजे ती रडत न्हवती?”

“न्हवती.”

“साहेब, मी बाप हाय तिचा. पाळण्यातलं रडणं ऐकलंय मी तिचं. मला खरं वाटलं!” मग म्हणाले, “लई भारी करती की हो पोरगी!”

ठाण्यात मोडून पडलेले बाप मी पुष्कळ पाहिले. खुर्चीत बसल्या बसल्या अभिमानानं ताठ झालेला तो एकच. ते उठले, गेटवर गेले आणि गर्दीला म्हणाले, “घरी जा समदे. पोरगी कामाला गेलीय.” त्यांचं हे एक वाक्य माझ्या सगळ्या बंदोबस्तापेक्षा जास्त कामाला आलं. परत येऊन ते त्या पोराशेजारी बसले आणि म्हणाले, “चहा घे बाबा, निवून राह्यला.” त्या माणसाचे मी आजही मनापासून आभार मानतो.

ती ऑडिशन काही मिळाली नाही. या धंद्यात सरळ रस्ता नसतोच, हे मला त्या दोघांकडं बघून कळलं. तिनं मालिकांत नर्स केली, शेजारीण केली, एकदा तर नुसतं प्रेत केलं. वडील दुकानात गिऱ्हाईक थांबवून ते प्रेतही दाखवायचे. पुढं गावाकडची एक मालिका आली, त्यांना आमच्याकडचं बोलणारी मुलगी हवी होती आणि ते काम हिला मिळालं. पोरगा मुंबईत दुसऱ्यांच्या नावावर एपिसोड लिहायचा. त्याचं स्वतःचं नाव पडद्यावर यायला बरीच वर्षं गेली. आलं त्या दिवशी त्यानं मला फोन केला आणि आम्ही दोघांनी आपापल्या टीव्हीसमोर आरडाओरडा केला.

निवृत्तीच्या थोडं आधी मी जिल्हा विशेष शाखेत होतो. एक दिवस पासपोर्ट पडताळणीच्या कागदांत त्याचं नाव आलं. मालिकेच्या चित्रीकरणाला लेखक म्हणून त्याला परदेशी जायचं होतं. दाखल गुन्ह्यांच्या रकान्यात ठाण्यानं आमचा नेहमीचा कोरडा शब्द लिहिला होता, ‘निरंक’. म्हणजे काही नाही. मी त्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला आणि सही केली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “साहेब, बराबर हाय ना समदं? शुक्रिया.”

“शुक्रिया मी म्हणायला पाहिजे, बाबा,” मी म्हणालो. त्याला वाटलं साहेब थट्टा करून राह्यले. मी थट्टा करत नव्हतो. त्या दिवशी त्याच्या नावापुढं गुन्हा लिहिला गेला असता, तर खरा गुन्हा माझ्या हातून घडला असता आणि तो कुठल्याच रकान्यात कधी दिसला नसता.