तांबेरा जगवणारी

भुईमुगाच्या संशोधन केंद्रात सगळे तिला तांबेरावहिनी म्हणायचे. तांबेरा म्हणजे पानांच्या पाठीवर उठणारा नारिंगी पुरळ. तो आला की पानं करपतात आणि शेंगा भरतच नाहीत. नवं वाण त्याला पुरून उरतं का हे बघायचं, तर रोग हाताशी हवा. आणि हा रोग जिवंत पानाशिवाय जगत नाही. म्हणून मागच्या काचघरात आजारी रोपं बारा महिने सांभाळायची, हे तिचं काम.

"लोक झाडं जगवतात, आमची सून रोग जगवते," सासरे कौतुकाने सांगत. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता हात थरथरत, म्हणून दिवसभर खिडकीशी बसून असत.

काचघरात सदा धुकं. आत शिरलं की बाहेरचे आवाज विरून जात, उजेडही ओला वाटे. पानाखाली ब्रश फिरवला की नारिंगी पूड उडे आणि हवेत रेंगाळे. आपण पाण्याच्या तळाशी चालतोय आणि वर कुठेतरी संध्याकाळ होतेय, असं तिला वाटायचं. बाहेर आली की मॅडम हसायच्या, "आज भुवयांनाही सोनं लावलंस वाटतं!"

मॅडम नवी वाणं पैदा करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांनी दोन भुईमुगांचा संकर केला होता: एक भरघोस, तेलाने ओथंबलेला, पण नाजूक, दुसरा बारक्या शेंगांचा, खडबडीत, तांबेऱ्याला दाद न देणारा. त्या संकराच्या पिढ्यांतून वर्षानुवर्षं निवडत आता मोजक्याच ओळी उरल्या होत्या. येत्या हंगामात त्यांची कसोटी होती.

त्याआधीच्या उन्हाळ्यात, एका सुट्टीच्या दिवशी, काचघर गार ठेवणारं यंत्र बंद पडलं. दुसऱ्या सकाळी तिने दार उघडलं, तर रोपांचा पाचोळा झाला होता. उरलेली पूड तिने नव्या पानांना लावून पाहिली. काहीच उठलं नाही.

"मॅडम, गेला हो आपला तांबेरा," म्हणत तिने पदराने डोळे पुसले.

"रोग गेला म्हणून रडणारी तू पहिलीच गं," मॅडम म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचाही चेहरा उतरला. त्या दिवसांत शेतात कुठेच भुईमूग उभा नव्हता, तांबेरा नव्याने आणायचा कुठून?

घरी आली तेव्हा सासरे खिडकीतल्या डब्यातल्या रोपाला पाणी घालत होते. गंमत म्हणून त्यांनी शेंगदाणा पुरला होता, तो उगवला होता. तिच्या केसांतून, कपड्यांतून पूड घरी आली होती आणि तेही रोप आजारलं होतं. उपटून टाका, म्हणून ती कधीची मागे लागली होती.

"असू दे गं. मीही थरथरतोच की, मला टाकलंत का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तिने हळूच एक पान उलटलं. नारिंगी!

"बाबा, हे रोप मला द्याल?"

"बरं करणार?"

"नाही हो, याच्यापासून पुष्कळ रोपं आजारी करणार."

सासरे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन, रिक्षातून, ते स्वतः केंद्रात आले.

हंगामात नव्या ओळींच्या मधेमधे, रोग सगळीकडे पसरावा म्हणून, जुनं नाजूक वाण पेरलं. संध्याकाळी वारा पडला की ती त्यावर पूड मिसळलेलं पाणी फवारायची. हळूहळू सारं रान तांबूस होत गेलं, आणि मधोमध एकच ओळ हिरवी राहिली, झोपेत दिसावी तशी. मॅडम आणि ती बांधावरून त्या ओळीत उतरल्या. उपटून पाहिलं, तर वेलाला शेंगांचा भार पेलवत नव्हता.

काही वर्षांनी ती बसने बहिणीकडे चालली होती. दोन्ही बाजूंना भुईमूग पसरलेला.

"यंदा पानं करपली नाहीत का हो?" तिने शेजारच्या बाईला विचारलं.

"नवं बियाणं आहे. तांबेरा कसा असतो, ते आमच्या पोरांना ठाऊकसुद्धा नाही."

ती खिडकीकडे वळली. काचेला डोकं टेकून बघत राहिली, हिरवं संपेचना, आणि डोळा कधी लागला कळलंच नाही. बहिणीचं गाव मागे पडलं. पुढच्या थांब्यावर उतरून ती बांधाबांधाने, पानं उलटत, रमतगमत मागे आली. दारात बहीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अगं, होतीस कुठे? चहा दोनदा गार झाला!"