सत्तेचाळिसावं पान

बाईंना सगळ्याचीच भीती वाटायची. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या, आणि जिना उतरल्यावर चौथ्यांदा ओढायला परत वर जायच्या. तीस वर्षं दवाखान्यात केसपेपर लिहायची नोकरी केली, पण मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली की अजून हातातलं पेन गळून पडायचं. त्यांची भाची म्हणायची, "आत्या, एक दिवस तू स्वतःच्या सावलीलाही 'माफ करा' म्हणशील."

फक्त मुलांपुढं त्या भीत नसत. इंजेक्शनच्या रांगेत मूल रडायला लागलं की केसपेपर बाजूला सारून गाणं म्हणायच्या. मग रांगेतल्या आया त्यांना आपली गाणी सांगत. खराब झालेल्या केसपेपरच्या पाठीवर बाई ती उतरवून घेत. त्या गठ्ठ्याचंच पुढं पुस्तक झालं, आणि ते आमच्या छापखान्यात आलं. तिथं पानं लावायचं काम माझ्याकडं होतं.

प्रत्येक पानावर चित्र आणि त्याखाली गाणं. बारीक अक्षरातली ओळ मोठ्या माणसानं म्हणायची, जाड अक्षरातली मुलांनी. वेष्टणावर बाईंनी एक ओळ मुद्दाम घालून घेतली होती : 'जुनी गाणी, जशी ऐकली तशीच.'

सोळा पानांचे तीन फर्मे, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं. शेवटचं गाणं हरवलेल्या करडाचं. ते घरची वाट विचारत फिरतं आणि पानागणिक एक प्राणी त्याला भलतीच वाट दाखवतो. कडवी सात, पानं सात. अठ्ठेचाळिसाव्या पानावर छापखान्याचा पत्ता. सत्तेचाळिसावं मोकळं राहिलं.

मीच त्यांना विचारलं, "बाई, एक पान उरतंय. आणखी एखादं कडवं आहे का?"

"होतं," त्या म्हणाल्या. "हे माझ्या मावशीचं गाणं. शेवटचं कडवं ती अगदी हळू म्हणायची, आम्ही झोपलो असं वाटल्यावर. मला नाही आठवत."

मावशीला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मालक आतून म्हणाले, "मोकळं पान म्हणजे दात पडलेलं तोंड. काहीतरी भरा आणि फर्मा मशीनवर चढवा."

बाई कटिंग मशीनजवळ कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. पंधरा मिनिटांत त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

कावळा म्हणाला, उजवीकडं वळ,
आई उभी तिथं, पळ बाळा पळ.

"छान जमलंय," मी म्हणालो. मग वेष्टणावरची ती ओळ आता काढायला हवी, हे माझ्या मनात आलं होतं. मी बोललो नाही.

पुस्तक चांगलं चाललं. शाळांनी घेतलं, दवाखान्यांनी घेतलं. रस्त्यात कुणी पोर "पळ बाळा पळ" ओरडत गेलं की बाई रस्ता ओलांडून पलीकडं जायच्या. दर महिन्याला छापखान्यात यायच्या आणि दारातच उभं राहून हळूच विचारायच्या, "भाऊ, कुणी विचारायला आलं होतं का?"

"बाई, करडाचं गाणं आहे, खुनाचा खटला नाही."

त्या हसत नसत. "खोटं छापलंय आपण. खरं कडवं येणारं कुणीतरी असेलच ना कुठंतरी."

पुढच्या आवृत्तीत ते कडवं काढू, असं मी सुचवलं. तर म्हणाल्या, "मग लोक विचारतील, का काढलं म्हणून." अशी नऊ वर्षं गेली.

मग वाचनालयाच्या ग्रंथपालांचा निरोप आला. बाईंच्या मावशीच्या गावची एक नव्वदीची आजी तीन वर्षं इथं नातीकडं राहतेय. करडाचं गाणं तिला लहानपणापासून येतं. रविवारी वाचनालयात बाई मुलांकडून गाणी म्हणवून घेतात, तिथं ती येणार आहे.

बाई त्याच दिवशी माझ्याकडं आल्या. "भाऊ, तुम्ही या. दाराशी बसा. मी पळायला लागले तर अडवा."

मी दाराशी बसलो. आजी ठेंगणी, काठी दोन गुडघ्यांत धरून बसलेली. मांडीला टेकून नातीची मुलगी. गाणं सुरू झालं तशी आजी काठीनं ताल धरून म्हणू लागली. सातवं कडवं संपता संपता तिचा आवाज एकदम खाली गेला. बाईंनी पान उलटलंच नाही. शेवटी पुढच्या पोरीनं पान उलटलं आणि सगळी मुलं ओरडली, "पळ बाळा पळ!" आजीचे ओठही त्यांच्याबरोबर हलत होते.

मुलं पांगली. बाई पळाल्या नाहीत. आजीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, ते शेवटचं कडवं माझं आहे. मी रचलंय. खरं तुम्ही सांगा."

आजीनं काठी बाजूला ठेवली. "तरीच. कावळा नव्हता गं त्यात."

"मग काय होतं?"

"पाणी होतं. पाणी त्याला काहीतरी म्हणतं." तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. तोंडातून कावळाच आला. पुन्हा केली. पुन्हा कावळा.

"ही पोर तीन वर्षं दिवसभर तेच म्हणते," आजी म्हणाली. "माझ्या आईचा आवाज ऐकू येतोय मला. शब्द मात्र तुझे येतायत."

"गावात आणखी कुणाला येतं?"

"कुणाला येणार? मीच राहिलेय."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "आजी, आठवा ना. हवं तर मला शिव्या द्या, पण आठवा."

त्यानंतर चार महिने दर रविवारी बाई आजीकडं जात होत्या. हातात केसपेपर, त्याच्या पाठीवर एकच शब्द : पाणी. पाचव्या महिन्यात आजी गेली. कागदावर दुसरा शब्द आला नाही.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा बाईंनी वेष्टणावरची ओळ काढायला लावली. सत्तेचाळिसाव्या पानावरचा कावळाही काढला. मालक चिडले, पण बाई पहिल्यांदाच त्यांच्यापुढं ताठ उभ्या राहिल्या. आता त्या पानावर तळाशी एवढंच आहे : 'इथं एक कडवं होतं. त्यात पाणी होतं. कुणाला येत असेल तर कळवा.' खाली छापखान्याचा फोन नंबर.

मुलांना त्याचं काही नाही. मोकळं पान आलं की ती ओरडतातच, "पळ बाळा पळ!"

बाई अजून दर महिन्याला येतात. आता गुडघे दुखतात, म्हणून दारातल्या स्टुलावर बसतात, आणि तोच प्रश्न विचारतात, "भाऊ, कुणी विचारायला आलं होतं का?"

मी पूर्वीसारखंच 'नाही' म्हणतो. पूर्वी ते ऐकून त्यांना हायसं वाटायचं.