दोन तास मोटार बंद

दत्ताभाऊ कुठलाही कॉम्प्युटर आला की लगेच उघडत नसत. तो चालू करून डब्यावर उजवा तळहात ठेवत, डोळे मिटत आणि पाच-सात मिनिटं तसेच उभे राहत. आणणारा चुळबुळायला लागला की म्हणत, "थांब जरा. आधी त्याला बोलू दे."

भुकूमला पौड रस्त्यालगत त्यांचं दुकान होतं. एका बाजूला विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग, दुसऱ्या बाजूला लवळ्याच्या कॉलेजातल्या पोरांचे गेमिंगचे कॉम्प्युटर. शिक्षण बारावी नापास, पण पंख्याचा वेग आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान असं जुळवत की जुनं यंत्रही अडखळायचं थांबे. त्यांचा नियम एकच होता. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर चोर कोन, कसं कळंल?"

मी भुकूमलाच खोली घेऊन राहत होतो, शेवटच्या वर्षाला. रविवारी दुपारी तीनला एका गेमिंग संघाच्या निवडीचा शेवटचा ऑनलाइन सामना होता. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, निवड झाली तर एक वर्ष खेळ, नाहीतर मुकाट्यानं नोकरी धर. आणि सोमवारपासून माझा कॉम्प्युटर ऐन खेळात आपोआप बंद पडायला लागला.

घाबरून मी पॉवर सप्लाय आणि मेमरी दोन्ही बदलून टाकलं, तरी तेच. मग गेलो दत्ताभाऊंकडे. त्यांनी ऐकलं आणि ते भडकलेच. "पुरावाच पुसलास की लेका." सगळं पहिल्यासारखं लावायला लावलं आणि रोज एकेक गोष्ट तपासायला घेतली. मंगळवार गेला, बुधवार गेला. त्यांच्या दुकानात कॉम्प्युटर दिवसभर ठणठणीत चाले आणि माझ्या खोलीवर आणला की पडे. गुरुवारी माझा तोल सुटला. "तुमच्या या एकेक-एकेकपायी माझं वर्ष जाणार आहे," मी म्हणालो. बोलल्यावर लाज वाटली, पण शब्द परत घेता आले नाहीत.

ते चिडले नाहीत. "बंद पडतो ते किती वाजता?" एवढंच विचारलं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आठवून सांगितलं, दुपारी, दोननंतर.

शुक्रवारी ते व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन खोलीवर आले, तो प्लगला लावला आणि खुर्ची ओढून बसले. मी गेम चालू केला. दोन वाजून दहा मिनिटांनी मीटरवरचा आकडा दोनशेवीसवरून घसरत दीडशेवर आला आणि पडदा काळा झाला. माझ्या छोट्या यूपीएसला खेळाचा भार पेलतच नव्हता.

"मशीन चांगलं हाय," ते म्हणाले. "दोनला शेतीची लाईट येती. आमच्या मोटारी तुझ्याच डीपीवर हायेत."

त्या डीपीवर, म्हणजे खोलीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, दोनच मोटारी होत्या. एक त्यांची, दुसरी बांधापलीकडे त्यांच्या थोरल्या भावाची, किसनरावांची. त्या बांधावरून दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"मग रविवारी काय करायचं?" मी विचारलं.

"तू खेळायचं बघ. हरायचं तर आपल्या हातानं हर. लाईटीच्या हातानं न्हाई."

रविवारी माझा अर्धा जीव पडद्यावर आणि अर्धा त्यांनी ठेवून दिलेल्या मीटरवर होता. तीन वाजले, साडेतीन झाले, पण आकडा दोनशेपंधराच्या खाली आला नाही. शेवटच्या फेरीत घाई करून मी आडोशाबाहेर पडलो आणि हरलो. चूक माझी होती, सर्वस्वी माझी. दुसऱ्या महिन्यात मी नोकरीला लागलो. त्या पराभवाचं वाईट वाटतं, पण खंत नाही, आणि ते मी दत्ताभाऊंना कधी नीट सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला नदीवर किसनराव भेटले. मी कोण ते सांगितल्यावर माझ्याकडे बघतच राहिले.

"तूच व्हय तो खेळनारा? नऊ वर्सांनी दारात आला त्यो. मला वाटलं, बांधाचं बोलाया आलाय. तर म्हनला, 'रविवारी दोन तास मोटार बंद ठेव.' मी म्हनलं, 'ठेवतो. आन् बाकीचं?' तर म्हनला, 'एका टायमाला एकच गोष्ट, दादा.'"

"मग बांधाचं?" मी विचारलं.

किसनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "त्यासाठी पुढच्या रविवारी आला की."